मणक्यात ‘गॅप’ येतो म्हणजे नेमकं काय होतं?

“मणक्यात गॅप आलाय.” कंबरदुखीचा विषय निघाला की हे वाक्य ऐकू येतंच. सांगणारा माणूस पिशवीतून एक्स-रेचा फोटो काढतो, उजेडाकडे धरतो आणि दोन पांढऱ्या मणक्यांच्या मधल्या काळपट पट्ट्यावर बोट ठेवतो: हा बघा गॅप.

ती जागा प्रत्येकाच्या पाठीत असते आणि असायलाच हवी. तिथे गादी असते. गादी झिजली की दोन मणके एकमेकांच्या जवळ येतात, म्हणजे ती जागा वाढत नाही, उलट कमी होते. ‘गॅप कमी झालाय’ हे बोलता बोलता ‘गॅप आलाय’ होऊन बसलं. शब्दाच्या या फरकापायी किती नुकसान होतं, हे मला फार लागतं. पाठीत पोकळी पडली आहे असं समजून धडधाकट माणसं वाकायची भीती बाळगतात, चालणं सोडतात, वर्षानुवर्षं पट्टा बांधून बसतात. त्यात पाठीचे स्नायू दुबळे होतात आणि दुखणं आणखी वाढतं.

गादी तिथे आहे, तर फोटोत का दिसत नाही? क्ष-किरणांचा, म्हणजे एक्स-रेचा, शोध लावणारे विल्हेल्म राँटगेन यांनी 22 डिसेंबर 1895 रोजी आपल्या पत्नीच्या हाताचा जो फोटो घेतला, त्यातच याचं उत्तर आहे. त्यात बोटांची हाडं स्पष्ट दिसतात, अंगठी त्याहून ठळक दिसते आणि मांसाची मात्र नुसती सावली आहे. क्ष-किरण किती अडवले जातील, हे वाटेत कोणते अणू येतात यावर बरंचसं अवलंबून असतं. हाडातल्या कॅल्शियमचा अणुक्रमांक 20, मांसातल्या कार्बनचा 6 आणि ऑक्सिजनचा 8. किरण शोषण्याची ताकद अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या पटीत वाढते, म्हणून हाड पांढरंशुभ्र उमटतं. गादी, कूर्चा (सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेलं गुळगुळीत अस्तर), लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधणारे पट्टे), स्नायू, नस यांचा रंग मात्र जवळजवळ एकच, करडा. एक्स-रेत गादी दिसत नाही, तिने धरून ठेवलेलं अंतर दिसतं.

गुडघ्याचंही तेच. मांडीचं आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये जी फट दिसते, ती मुख्यत: कूर्चेची जागा. म्हणून झीज बघायची असेल तर गुडघ्याचा एक्स-रे उभं राहून काढायला हवा. आडवं झोपलं की सांध्यावर भार नसतो आणि झिजलेल्या गुडघ्यातही फट बरी दिसते. एवढ्या साध्या गोष्टीने निदान बदलू शकतं. डॉक्टरांनी ‘उभ्याने’ असं लिहिलं असेल आणि सेंटरवर टेबलावर झोपायला सांगितलं, तर नि:संकोच विचारा.

हाडाच्या बाबतीतही एक्स-रे कधी कधी उशिरा बोलतो. मणक्यातला 30 ते 50 टक्के खनिज भाग नाहीसा होईपर्यंत साध्या फोटोत बिघाड नीट दिसत नाही. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे आजही आढळतो आणि त्यात ही गोष्ट घातक ठरू शकते. फोटो ‘नॉर्मल’ आहे म्हणून माणूस महिनोन्महिने गोळ्या घेत राहतो आणि आत मणका पोखरला जात असतो. खुब्याच्या चेंडूचा, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा, रक्तपुरवठा तुटतो तेव्हाही असंच होतं. विदर्भातल्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांमध्ये हा आजार तरुणपणीच दिसतो. कोविडनंतर स्टेरॉइड घेतलेल्या काही रुग्णांतही तो आढळला आणि मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. जांघेत दुखतं, एक्स-रे स्वच्छ असतो आणि एमआरआयमध्ये मात्र आजार उघडा पडतो. मनगटातलं स्कॅफॉइड हे छोटं हाड हातावर पडल्यावर मोडतं, पण पहिल्या दिवशीच्या फोटोत फट दिसेलच असं नाही. अंगठ्याच्या बुडाशी दाबून दुखत असेल तर डॉक्टर फोटो नॉर्मल असूनही प्लॅस्टर घालतात आणि दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. त्यांच्यावर रागावू नका, ते बरोबर करत असतात.

एमआरआय हाडाचा कॅल्शियम बघतच नाही, तो पाणी आणि चरबी बघतो. शरीरातल्या हायड्रोजनच्या अणूंची केंद्रकं प्रबळ चुंबकात भोवऱ्यासारखी डुलतात. नेहमीच्या 1.5 टेस्ला यंत्राचं चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30 हजार पट असतं आणि त्यात ही केंद्रकं सेकंदाला सुमारे 6.4 कोटी वेळा डुलतात. तेवढ्याच वारंवारतेच्या रेडिओलहरी सोडल्या की ती ऊर्जा घेतात आणि परत देताना जो संदेश येतो, त्यातून चित्र तयार होतं. किरणोत्सर्ग नसतो, धोका चुंबकाचा असतो. 2018 च्या जानेवारीत मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला तरुण यंत्राकडे खेचला जाऊन दगावला. दाराशी उभा असलेला कर्मचारी खिसे तपासतो, तेव्हा घाई करू नये ती यासाठी. हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या प्लेटा सहसा खेचल्या जात नाहीत, पण त्यांची माहिती आधी द्यायलाच हवी.

पाणी उजळ दाखवणाऱ्या एमआरआयच्या चित्रात तरुण गादी आतून पांढरी चमकते. वय वाढतं तसं तिच्यातलं पाणी कमी होतं आणि ती काळी पडते. केस पिकावेत तसंच हे आहे. 1994 मध्ये अमेरिकेत पाठ अजिबात न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय काढले, तर 52 टक्के लोकांत किमान एक गादी फुगलेली निघाली. पुढे 2015 मध्ये दुखणं नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांवरचे अभ्यास एकत्र केले गेले. विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या गाद्या झिजल्याचं त्यात दिसलं. म्हणजे तुमच्या रिपोर्टातली ‘डिस्क बल्ज’ (गादी फुगली आहे) ही ओळ खरी असेल, पण तुमची कंबर त्यामुळेच दुखते हे त्या ओळीतून सिद्ध होत नाही. सरकलेला भाग पायाकडे जाणारी विशिष्ट नस दाबतोय आणि मुंग्याही नेमक्या त्याच नसेच्या पट्ट्यात येतायत, असं जुळलं तर गोष्ट वेगळी. आणि तेव्हाही गादीचा बाहेर आलेला तुकडा काही महिन्यांत बऱ्याचदा आपोआप आकसतो.

रिपोर्टाच्या शेवटी ‘कोरिलेट क्लिनिकली’ असं छापलेलं असतं. रेडिओलॉजिस्टने हात झटकले, असा अर्थ पुष्कळ लोक काढतात. तसं नाही. चित्र आणि माणूस ताडून पाहा, असं तो सांगत असतो आणि सगळ्या रिपोर्टात मला तीच ओळ सगळ्यात मोलाची वाटते.

थांबायचं नाही अशा वेळाही आहेत. लघवी किंवा संडासवरचा ताबा जाणं, बसायच्या जागेवर बधिरपणा, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं, असं काही झालं तर लगेच, त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवं. पाठदुखीबरोबर ताप, वजन घटणं किंवा पूर्वी कॅन्सर झालेला असणं, यातही एमआरआय लांबवू नये.

सीटी स्कॅनबद्दल थोडक्यात: खुब्याच्या खोबणीचं किंवा टाचेचं हाड अनेक तुकड्यांत मोडलं असेल तर शस्त्रक्रियेआधी तुकड्यांची मांडणी सीटीइतकी स्पष्ट कुठेच दिसत नाही. मात्र किरणांची मात्रा साध्या एक्स-रेच्या बरीच पट असते, म्हणून उगाच काढू नये.

फोटो काढायचा की नाही हे हाताने ठरवता येतं, याचं उत्तम उदाहरण घोट्याचं आहे. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी 1992 मध्ये त्यासाठी नियम मांडले. घोटा मुरगळल्यावर माणूस चार पावलंही टाकू शकत नसेल, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या टोकावर, मागच्या कडेला दाबून दुखत असेल, तर एक्स-रे काढा. नाहीतर गरज नाही. पाऊल दुखत असेल तर आणखी दोन जागा दाबून बघायच्या. या नियमांतून फ्रॅक्चर सहसा निसटत नाही आणि कितीतरी फोटो वाचतात.

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला गर्भारपण आठवतं, पण खांद्यासाठी आणि तान्ह्या बाळाच्या खुब्यासाठी तिच्याइतकं सोयीचं साधन क्वचितच सापडेल. बाळाच्या खुब्याचा चेंडू सुरुवातीचे काही महिने कूर्चेचाच असतो. एक्स-रेला तो दिसत नाही, ध्वनिलहरींना दिसतो. पायाळू बाळाचा, किंवा घरात कुणाचा खुबा जन्मत: निखळलेला असेल तर त्या बाळाचा खुबा या पद्धतीने तपासून घ्यायला हवा.

खांद्याची तपासणी तर बघण्यासारखी असते. रुग्ण स्टुलावर बसलेला असतो, डॉक्टर खांद्यावर प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचं हातात धरायचं उपकरण, टेकवून सांगतात, “हात हळूहळू बाजूने वर न्या.” पडद्यावर स्नायूची दोरी हाडाच्या छताखाली सरकताना दिसते, मध्येच अडते आणि त्याच क्षणी रुग्ण म्हणतो, “इथे. इथेच दुखतंय.”