ऑनलाइन धडा बनवायला घेण्याआधी : क्लासवाले, शाळा आणि कारखान्यांसाठी माहितीपत्रक

बेळगावात टिळकवाडीतले एसएसएलसी-पीयूसीचे (दहावी-बारावीचे) क्लास असोत, खानापूर-निपाणीकडच्या शाळा असोत की उद्यमबागेतल्या फाउंड्री, पहिला प्रश्न ठरलेला : "सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?" त्याआधी धडा चालणार कुठे ते ठरवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, यूट्यूबवर टाकायचा, की मूडलसारख्या एलएमएसवर (ऑनलाइन वर्ग चालवायच्या सॉफ्टवेअरवर) चढवून कुणी किती सोडवलं याची नोंद ठेवायची? उत्तराप्रमाणे साधन बदलतं, आणि खर्चही.

नुसता व्हिडिओ हवा असेल तर

सॉफ्टवेअरवर पैसे घालू नका. ओबीएस स्टुडिओ फुकट आहे, स्क्रीन आणि कॅमेरा एकत्र घेतो. त्यात रेकॉर्डिंगचा प्रकार एमकेव्ही ठेवा. साधी एमपीफोर फाईल आपली अनुक्रमणिका अगदी शेवटी, बंद होताना लिहिते. मध्येच करंट गेला की ती लिहायची राहते आणि चाळीस मिनिटांचं शिकवणं उघडतच नाही. एमकेव्हीत करंट जाईपर्यंतचा भाग शाबूत राहतो. नंतर फाईल मेनूतल्या 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज'ने तिची एमपीफोर करून घ्या, दर्जा जराही उतरत नाही.

चित्र थोडं धूसर असलं तर मुलं चालवून घेतात, आवाज घुमला की बंद करतात. म्हणून पंखा बंद, माइक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला, म्हणजे 'प', 'फ', 'भ'चे फटके बसत नाहीत. बोलायला लागण्याआधी पाच सेकंद गप्प बसा. आवाज साफ करायच्या ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये तेवढाच तुकडा निवडून नॉइज रिडक्शनमध्ये 'गेट नॉइज प्रोफाइल' दाबायचं, मग सगळं रेकॉर्डिंग निवडून तीच खिडकी पुन्हा उघडायची आणि ओके करायचं. १२ डेसिबल पुरतात. हाव धरून २४ केले की मास्तर पाण्याखालून बोलल्यासारखे ऐकू येतात.

शेवटी फाईल लहान करायला हँडब्रेक हे सॉफ्टवेअर. ७२०पी, सेकंदाला १५ फ्रेम, व्हिडिओचा सरासरी बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) १,००० केबीपीएस आणि आवाजाचा ९६ ठेवला तर दहा मिनिटांचा धडा साधारण ८२ एमबी होतो. तोच ५,००० बिटरेटवर पावणेचारशेच्या पुढे जातो, आणि फळ्यावरच्या गणिताला त्याचा काही उपयोग नाही. लेथवरचं किंवा मोल्डिंगचं काम दाखवायचं असेल तर मात्र २५-३० फ्रेम ठेवा, नाहीतर हात उड्या मारताना दिसतो.

प्रश्न विचारणारा धडा

यासाठी एच-फाइव्ह-पी (H5P) हे साधन. मूडलमध्ये चालतं, फुकट आहे, आणि व्हिडिओ मध्येच थांबवून प्रश्न टाकता येतो. साइटवर सोय चालू ठेवली असेल तर मूडलच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये धडा आधीच उतरवून घेता येतो, मग नेट नसलं तरी चालतो. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला राहणाऱ्या मुलांसाठी ही सोय आवर्जून चालू करा.

'गाळलेल्या जागा भरा' या प्रकारात उत्तर दोन ताऱ्यांच्या मध्ये लिहायचं असतं. मराठीत इथेच गडबड होते. समजा उत्तर आहे 'दुसऱ्या'. एका कीबोर्डवर त्यातला अर्धा र नुक्तावाल्या (खाली टिंब असलेल्या) ऱ पासून बनतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह मिळून. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. मुलगी बरोबर लिहिते आणि लाल फुली खाते. उपाय सोपा : दोन्ही रूपं तिरप्या रेषेने जोडून द्या, *दुसऱ्या/दुसर्‍या* अशी. आकड्यांचंही तसंच : *१५/15*. 'किरकोळ चुका चालतील' हा पर्याय ऱ्हस्व-दीर्घाच्या चाचणीत चुकूनही चालू करू नका. वेलांटीही एक अक्षर धरली जात असल्याने 'पाणी' आणि 'पाणि' दोन्ही बरोबर ठरतात, मग चाचणी कसली?

जुन्या प्रश्नपत्रिका छापखान्यातून श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आणि कन्नड असतील तर नुडीत येतात. त्या तशाच चिकटवल्या की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. आधी युनिकोडमध्ये (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरं) बदला, आणि बदलल्यावर रफार व जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाला. कन्व्हर्टर तिथेच अडखळतो.

कारखान्याचं प्रशिक्षण

सुरक्षेचा धडा कुणी पुरा केला याची नोंद हवी असेल तर स्कॉर्म पॅकेज लागतं, म्हणजे एलएमएसला नोंद कळवणारी धड्याची झिप फाईल. स्टोरीलाइन, कॅप्टिव्हेट, आयस्प्रिंग ही विकतची साधनं ते बनवतात. आयस्प्रिंग पॉवरपॉइंटमध्येच बसतं, म्हणून शिकायला हलकं. फुकटात एक्सई-लर्निंग आहे. मूडलवर चढवायचं असेल तर स्कॉर्म १.२ निवडा, २००४ ची आवृत्ती मूडल पूर्ण चालवत नाही. १.२ मध्ये 'कुठे थांबलो' ही खूण ठेवायला फक्त ४,०९६ अक्षरांची जागा असते. धडा फार लांबला की ती भरते आणि कामगाराला दुसऱ्या दिवशी मागच्याच कुठल्यातरी स्लाइडवर आणून सोडते. शंभर स्लाइडच्या एका धड्यापेक्षा पंचवीसचे चार बरे.

झिप चढवताना 'मॅनिफेस्ट (पॅकेजमधल्या फाईलींची यादी) सापडत नाही' असा निरोप आला तर बहुधा कुणीतरी झिप उघडून पाहिली आणि पुन्हा झिप करताना आतल्या फाईलींऐवजी अख्खं फोल्डर निवडलं. मॅनिफेस्टची फाईल झिपच्या पहिल्याच पायरीवर असावी लागते. झिप उघडूच नका, आली तशी चढवा. ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर धडा चालत नाही, एलएमएसच लागतं.

मराठी आणि कन्नड दोन्हीत हवं असेल तर चित्रावर अक्षरं कोरू नका, मजकूर वेगळा ठेवा. उपशीर्षकंही व्हिडिओत न चिकटवता प्रत्येक भाषेची वेगळी एसआरटी फाईल करा. आवाज स्लाइडगणिक वेगळा भरा, म्हणजे एक वाक्य बदललं तर पुन्हा अख्खा तास बोलावं लागत नाही.

काम देताना आणि घेताना

धडा बनवायला देताना मजकूर युनिकोडमध्ये, चित्रं किमान १,२८० पिक्सेल रुंद, आणि उत्तरांची सगळी चालणारी रूपं लिहून आणा. काम घेताना, आमच्याकडून असो वा दुसऱ्याकडून, मूळ फाईल मागून घ्या. एच-फाइव्ह-पीची फाईल पुन्हा उघडून दुरुस्त करता येते. स्टोरीलाइनमधून पब्लिश केलेली झिप मात्र दुरुस्त होत नाही, तिची 'स्टोरी' फाईलच लागते. मूळ फाईल पेन ड्राइव्हवर एक आणि गूगल ड्राइव्हवर एक, अशी दोन ठिकाणी ठेवा.