पार्श्वभूमी : ‘घोस्टबस्टर्स’चा 32 वर्षे अडलेला तिसरा भाग

गाजलेल्या विनोदी चित्रपटाचा पुढचा भाग काढावा की नाही, हे बहुधा निर्मिती संस्था नफा-तोट्याचा हिशेब मांडून ठरवते. ‘घोस्टबस्टर्स’च्या बाबतीत मात्र हा निर्णय केवळ स्टुडिओच्या हाती नव्हता. दिग्दर्शक आयव्हन राइटमन, लेखक-अभिनेते डॅन अ‍ॅक्रॉइड व हॅरॉल्ड रेमिस आणि प्रमुख नट बिल मरे यांच्यापैकी कोणीही नकार दिला तर चित्रपट पुढे सरकणार नाही, अशी व्यवस्था होती. तिसरा भाग दोन दशकांहून अधिक काळ का रखडला, याचे उत्तर बव्हंशी या व्यवस्थेत आहे.

मूळ चित्रपट जून 1984 मध्ये आला. अ‍ॅक्रॉइड यांनी त्यातील एक प्रमुख भूमिका जॉन बेलुशी यांच्यासाठी योजली होती. पण 1982 मध्ये बेलुशी यांचे निधन झाले आणि ती मरे यांच्याकडे गेली. भुते पकडण्याचा धंदा थाटणारे विक्षिप्त संशोधक ही कल्पना अ‍ॅक्रॉइड यांची असली, तरी चित्रपटाला चव आली ती सगळे जग आपल्यासमोर घडत असूनही आपला त्याच्याशी संबंध नाही, अशा थाटात वावरणाऱ्या मरे यांच्यामुळे. म्हणूनच त्यांच्याशिवाय पुढचा भाग काढण्यात फारसा अर्थ नव्हता, हे इतर तिघांनाही कळत असावे.

दुसरा भाग 1989 मध्ये झळकला. अमेरिकेतील त्याची कमाई पहिल्याच्या जेमतेम निम्मी झाली आणि स्पेशल इफेक्ट्सच्या भाराखाली विनोद दबला, अशी नाराजी मरे यांनी नंतर उघडपणे बोलून दाखवली. तिसऱ्या भागाला त्यांनी पुढे जो विरोध केला, त्याचे मूळ बऱ्याच अंशी या अनुभवात शोधता येते.

अ‍ॅक्रॉइड मात्र थांबले नाहीत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी नरकरूपी मॅनहॅटनमध्ये घडणारी पटकथा तयार केली. ती खर्चिक ठरणार होती आणि मरे राजी नव्हते. पुढे 2008 मध्ये दोन नवे लेखक नेमण्यात आले. पण त्यांनी रेमिस यांच्यासोबत लिहिलेला दुसरा एक विनोदी चित्रपट पुढच्याच वर्षी पडला, आणि आधीच साशंक असलेल्या मरे यांना नकाराचे आणखी एक कारण मिळाले. गमतीचा भाग असा, की 2009 च्या व्हिडिओ गेमला मरे यांच्यासह पडद्यावरच्या चौघाही मूळ भूतपकड्यांनी आवाज दिला होता आणि अ‍ॅक्रॉइड त्यालाच तिसरा भाग मानत असत.

फेब्रुवारी 2014 मध्ये रेमिस गेले आणि जुनी चौकडी पुन्हा जमवण्याचा विषय संपला. राइटमन यांनी लवकरच दिग्दर्शनातून माघार घेतली. स्टुडिओने मग पुढचा भाग काढण्याऐवजी गोष्टच नव्याने मांडायचे ठरवले आणि पॉल फीग यांचा, चार स्त्रियांना मुख्य भूमिका देणारा चित्रपट 2016 मध्ये आणला. ट्रेलर येताच त्याच्यावर जो राग काढला गेला, त्यातला बराचसा चित्रपट पाहण्याआधीचाच होता, हे नमूद करायला हवे. तरीही सुमारे 14 कोटी 40 लाख डॉलर निर्मितिखर्चाच्या तुलनेत जगभरातील सुमारे 22 कोटी 90 लाख डॉलरची तिकीटविक्री अपुरी ठरली, कारण या रकमेतला मोठा वाटा चित्रपटगृहांकडेच राहतो.

जुन्या कथेचा पुढचा भाग म्हणून अखेर नोव्हेंबर 2021 मध्ये आलेला ‘घोस्टबस्टर्स : आफ्टरलाइफ’ आयव्हन राइटमन यांचे पुत्र जेसन यांनी दिग्दर्शित केला. सुमारे साडेसात कोटी डॉलरमध्ये बनलेल्या या चित्रपटाने 20 कोटींहून अधिक कमावले, म्हणजे 2016 च्या चित्रपटापेक्षा कमी गल्ला जमवूनही तो फायद्याच्या हिशेबात उजवा ठरला, आणि मरेही त्यात होते. मात्र 1989 नंतर लगेच झाला असता तो हा चित्रपट नव्हे. मूळ चित्रपट न्यूयॉर्कमधल्या धंदेवाईक उद्योगाची टिंगल करत होता. हा एका दिवंगत आजोबांच्या शेतघरात त्यांच्या नातवंडांना सापडलेल्या जुन्या सामानाभोवती फिरतो. विनोद आहे, पण त्याहून अधिक आठवण आहे. शेवटच्या प्रसंगात रेमिस यांचे पात्र, म्हणजे हेच आजोबा, संगणकाच्या साहाय्याने साकारलेल्या भूताच्या रूपात मित्रांशेजारी उभे राहते आणि एक शब्दही बोलत नाही.