एलायझा परत का येते? जुन्या संगीतपटांच्या शेवटांमागची पार्श्वभूमी

हॉलिवूडचे जुने संगीतपट आता घरबसल्या मिळतात आणि ते लहानपणी पाहिलेले आईबाप मुलांनाही हौसेने दाखवतात. गाणी मुलांना आवडतातच. प्रश्न शेवटाकडे येतात. 'माय फेअर लेडी'तली, स्वतःच्या हिमतीवर उभी राहिलेली एलायझा त्या तुसड्या प्राध्यापकाच्या घरी परत का येते? 'ॲनी गेट युवर गन'मधली, नेमबाजीत कुणाला हार न जाणारी ॲनी शेवटच्या सामन्यात मुद्दाम का हरते? यावर घरोघरी एकच उत्तर मिळतं: "त्या काळी तसंच होतं." मुलं गप्प होतात आणि पुढचं गाणं सुरू होतं.

हे उत्तर पुष्कळदा खरं नसतं. या चित्रपटांच्या मुळाशी गेलं तर मूळ नाटकातली किंवा प्रत्यक्ष जगलेली बाई आधीच पुढे गेलेली दिसते. तिला मागे आणलं ते नंतर, मुख्यतः १९४० आणि १९५० च्या दशकांत. तेही आपोआप झालं नाही. कुणीतरी बसून ठरवलं, कुणीतरी विरोध केला आणि विरोध करणारे हरले.

सर्वांत उघड उदाहरण ॲनी ओकलीचं. ती खरोखरची नेमबाज होती, ओहायोतल्या गरीब घरातली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिने एका नावाजलेल्या नेमबाजाला सामन्यात हरवलं, पुढे त्याच्याशीच लग्न केलं, आणि काही वर्षांनी तो स्वतः बाजूला होऊन तिच्या खेळांची व्यवस्था पाहू लागला. बायको अधिक चांगली आहे हे मान्य करून जगलेला नवरा, तोही त्या काळातला! तिच्यावरची संगीतिका १९४६ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आली आणि चित्रपट १९५० साली. त्यात ॲनी शेवटच्या सामन्यात जाणूनबुजून नेम चुकवते, कारण जिंकली तर प्रियकर हातचा जाईल असं तिला पटवून दिलं जातं. म्हणजे प्रत्यक्षात जिंकून नवरा मिळवलेल्या बाईला रंगमंचावर हरून तो मिळवावा लागला.

१९४६ हे साल इथे महत्त्वाचं आहे. युद्धाच्या वर्षांत अमेरिकेत लाखो बायका कारखान्यांत काम करत होत्या. सैनिक परतले तशा त्यांतल्या कितीतरी जणींना नोकऱ्या सोडाव्या लागल्या. पुढच्या दहा वर्षांत मुलींची लग्नं इतकी लवकर होऊ लागली की १९५० च्या दशकाच्या मध्याला अमेरिकन वधूचं मध्यक वय वीसच्या आसपास आलं होतं. बाईने घरी परतावं असं त्या समाजाला तेव्हा वाटत होतं, आणि या संगीतिका त्याच प्रेक्षकांसाठी रचल्या गेल्या. त्यांतला जुनाटपणा परंपरेने चालत आलेला नव्हता, तो त्या दशकाने नव्याने घडवला होता.

आता एलायझा. तिची कथा थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण तिच्या शेवटावरून जवळजवळ शंभर वर्षं भांडण चाललं आहे.

बर्नार्ड शॉचं मूळ नाटक, 'पिग्मॅलियन', लंडनला एप्रिल १९१४ मध्ये रंगमंचावर आलं. बायकांच्या मताधिकाराची चळवळ तेव्हा लंडनच्या रस्त्यांवर होती. फुलं विकणारी अठरा-वीस वर्षांची मुलगी आणि तिला उच्चभ्रू बोली शिकवून दाखवण्याची पैज लावणारा चाळिशीतला भाषातज्ज्ञ प्राध्यापक, एवढीच गोष्ट. पैज जिंकल्यावर तो आणि त्याचा मित्र स्वतःचंच कौतुक करत बसतात आणि जिने हे सारं करून दाखवलं तिला विसरतात. ती त्याच्याच सपाता त्याच्यावर फेकते आणि घर सोडते. नाटकाच्या शेवटी तो तिला खरेदीची यादी सांगतो, हे आण, ते आण. ती म्हणते, तुमचं तुम्हीच आणा, आणि निघून जाते. ती आपलं ऐकेलच, या खात्रीत तो तिथेच राहतो. नाटककाराला एवढंच दाखवायचं होतं: मुलगी बदलली आणि मास्तर आहे तिथेच राहिला.

पण नायकाची भूमिका करणारा नट नाट्यगृहाचा चालकही होता, आणि प्रेक्षकांना प्रेमकथा हवी आहे हे त्याने ओळखलं होतं. पडदा पडायच्या आधी तो खिडकीतून एलायझाच्या दिशेने फुलं टाकू लागला. शंभराव्या प्रयोगाला आलेल्या नाटककाराने ते पाहिलं आणि तो भडकला. माझ्या शेवटामुळे पैसा येतो, तुम्ही आभार मानायला हवेत, असं नटाने सांगितलं. तुमच्या शेवटाबद्दल तुम्हाला गोळी घालायला हवी, असं उत्तर मिळालं. मला या भांडणात नाटककाराची बाजू निःसंशय बरोबर वाटते. ती फुलं फेकल्यावर आधीच्या पाच अंकांना काही अर्थच उरत नाही.

पुढे १९१६ साली नाटक छापताना त्याने शेवटी एक लांबलचक गद्य पुरवणी जोडली. एलायझा प्राध्यापकाशी लग्न करत नाही. ती तिच्यावर प्रेम करणाऱ्या तरुण फ्रेडीशी करते, ते दोघं फुलांचं दुकान काढतात आणि ते धडपडत चालवतात, असं त्यात सविस्तर लिहिलं. तिने त्या माणसाशी लग्न का करू नये, याची कारणंही दिली. एखाद्या लेखकाने आपल्या पात्राचं भविष्य वाचकांच्या हाती पडू नये म्हणून इतकी धडपड केल्याची उदाहरणं थोडी आहेत.

त्याचा उपयोग झाला नाही. १९३८ च्या ब्रिटिश चित्रपटात निर्मात्याने शेवट बदललाच. एलायझा परत येते, आणि तो मागे वळून न पाहता, माझ्या सपाता कुठे आहेत, असं विचारतो. लेखकाला हे कळलं तेव्हा चित्रपट प्रदर्शित होण्याच्या बेतात होता. त्याच पटकथेसाठी त्याला ऑस्कर मिळालं. तीन वर्षांनी त्याने नाटकाची छापील संहिता पुन्हा सुधारली आणि एलायझा फ्रेडीशीच लग्न करणार हे अखेरच्या प्रवेशात आणखी ठळक केलं.

शॉच्या एका नाटकावर १९०८ साली व्हिएन्नात ऑपेरेटा, म्हणजे हलकीफुलकी संगीतिका, झाली होती. त्या अनुभवानंतर आपल्या नाटकांवर गाणी चढवायला तो आयुष्यभर नकार देत राहिला. तो १९५० साली गेला. सहा वर्षांनी, मार्च १९५६ मध्ये, 'माय फेअर लेडी' ब्रॉडवेवर उभी राहिली आणि २,७१७ प्रयोग चालली. तोवर कुठलीच संगीतिका तिथे इतकी चालली नव्हती. शेवट नाटकाचा घेतला नाही, १९३८ च्या चित्रपटाचा घेतला. संगीतिकेच्या लेखकाने छापील संहितेत प्रामाणिकपणे लिहूनही टाकलं की मूळ नाटककाराची पुरवणी आपण गाळली आहे, कारण त्याचं म्हणणं बरोबर आहे याची आपल्याला खात्री वाटत नाही. १९६४ च्या चित्रपटाने हाच शेवट जगभर नेला आणि आठ ऑस्कर मिळवले. पडद्यावरच्या दोघांच्या वयात वीस वर्षांहून अधिक अंतर होतं.

आपली मुलं पाहतात तो हा शेवट. त्याला 'जुन्या काळाचा' म्हणताना १९१४ चा शेवट त्याहून पन्नास वर्षं जुना आहे, हे लक्षात ठेवावं लागतं.

मराठीत ही मुलगी १९७५ साली 'ती फुलराणी'मधून आली आणि आपल्याकडे तिचं थोडं निराळं झालं. संगीतिकेत एलायझाचा संताप गाण्यात आहे. मराठीत तो बोलून दाखवायच्या स्वगतात आला, "तुला शिकवीन चांगलाच धडा". पुढे शाळा-कॉलेजच्या स्नेहसंमेलनांत आणि एकपात्री स्पर्धांत कित्येक मुलींनी ते स्वगत म्हटलं. नाटक न पाहिलेल्यांनाही त्यातला राग पाठ आहे. मूळ नाटककाराला बहुधा हेच हवं होतं: मुलीचा राग लक्षात राहावा.

सगळीकडे मात्र मूळ कृतीच पुढची होती असं म्हणता येणार नाही. 'कॅरूसेल' ही संगीतिका १९४५ ची आणि तिचा चित्रपट १९५६ चा. नवरा बायकोवर हात टाकतो, मेल्यावर एका दिवसासाठी पृथ्वीवर येतो आणि मुलीलाही मारतो. कुणी जोरात मारूनही लागलं नाही असं होऊ शकतं का, असं मुलगी आईला विचारते आणि आई होकार देते. मुलांबरोबर बसून हे ऐकवत नाही. पण हा संवाद १९०९ च्या मूळ हंगेरियन नाटकातूनच आलेला आहे. फरक पुढे आहे. हंगेरियन नाटकात तो माणूस परीक्षेत नापास होतो, त्याला नेलं जातं. संगीतिकेत त्याला माफी मिळते आणि सारे मिळून गातात.

याच चित्रपटात त्या काळच्या नियमांची नजरही दिसते. १९३४ पासून हॉलिवूडमध्ये उद्योगाने स्वतःवर घातलेली आचारसंहिता कडकपणे लागू होती आणि ती १९६८ पर्यंत टिकली. कपडे किती असावेत, चुंबन किती चालावं, विवाहसंस्थेचं पावित्र्य कसं राखावं, हे तिने बारकाईने पाहिलं. रंगमंचावर नायक आत्महत्या करतो. पडद्यावर तो स्वतःच्याच सुरीवर चुकून पडतो. मारल्यावर न लागण्याचा संवाद मात्र तसाच राहिला. त्या वेळी काय आक्षेपार्ह मानलं जात होतं आणि काय नव्हतं, ते यावरून कळतं.

१९६४ च्याच 'मेरी पॉपिन्स'मध्ये आई मताधिकाराच्या चळवळीतली आहे. मूळ पुस्तकांत ती तशी नाही. चित्रपटाने तिला तसं केलं. आईला एक जोरकस गाणंही मिळालं आहे. पण घराकडे तिचं लक्ष नाही, हेच त्या चळवळीतून सुचवलं जातं, आणि शेवटी ती 'बायकांना मत द्या' असं लिहिलेला आपला पट्टा पतंगाला शेपूट म्हणून देते. पाहणाऱ्या लहान मुलांना तो गोड क्षण वाटतो, आणि म्हणूनच मला तो जास्त खटकतो.

पुढचे बदल झाले ते जवळजवळ सगळे रंगमंचावर. १९९९ मध्ये ॲनीची संगीतिका पुन्हा आली तेव्हा सामना बरोबरीत सोडवला गेला. २०१७ च्या अखेरीस लैंगिक छळाविरुद्धची मोहीम पेटली आणि त्यानंतरच्या दोन हंगामांत न्यूयॉर्कमध्ये अशा पुनरुज्जीवनांची रांगच लागली. 'कॅरूसेल'मधला तो संवाद २०१८ मध्ये काढला गेला. 'किस मी, केट' या संगीतिकेत बायकांनी नवऱ्यापुढे नमावं असं सांगणाऱ्या शेवटच्या गाण्यात २०१९ मध्ये 'बायका'च्या जागी 'माणसं' आली. 'माय फेअर लेडी'त २०१८ मध्ये निराळी वाट निवडली गेली. सपातांचा प्रश्न तसाच ठेवला. एलायझा त्याच्या गालावरून हात फिरवते, वळते आणि रंगमंचावरून उतरून प्रेक्षकांतून चालत निघून जाते.

या बदलांवर दोन्हीकडून टीका झाली. जुन्या कृतीला हात लावू नये असं काहींचं म्हणणं, तर एवढ्याने काय होणार असं इतरांचं. वाक्य कापण्यापेक्षा एलायझाचं चालत जाणं मला अधिक मोलाचं वाटतं. आधी काय होतं ते त्यात लपत नाही आणि मूळ नाटकाचा हेतू १०४ वर्षांनी परत येतो. संवाद कापला की प्रश्नही जातो, आणि मुलांनी तो विचारावा अशी माझी इच्छा आहे.

पण हे प्रयोग न्यूयॉर्क-लंडनच्या प्रेक्षकांनी पाहिले. घरी मुलं पाहतात ते १९५०, १९५६ आणि १९६४ चे चित्रपट, जसेच्या तसे. पडद्यावर येणाऱ्या सूचनाही सहसा वांशिक चित्रणाबद्दल असतात. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये 'मेरी पॉपिन्स'चं प्रमाणपत्र बदलून पालकांनी सोबत असावं असं सुचवणारं केलं गेलं, तेही त्यातल्या एका वंशवाचक शब्दामुळे. पतंगाला बांधलेल्या पट्ट्याबद्दल त्यात काही नाही.