तटस्थ वेगळा, अलिप्त वेगळा

२ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने युक्रेनवरच्या रशियन आक्रमणाविरुद्धचा ठराव १४१ विरुद्ध ५ मतांनी मंजूर केला. ३५ देशांनी ना बाजूने मत दिलं ना विरोधात. त्यांत भारत होता. मराठीत आपण याला सरळ 'भारत तटस्थ राहिला' म्हणतो, आणि पाठोपाठ कुणीतरी पुस्ती जोडतंच, की नेहरूंच्या काळापासून आपलं धोरण हेच आहे.

गंमत पुढे आहे. ज्याची तटस्थता १८१५ पासून युरोपने मान्य केली आहे, त्या स्वित्झर्लंडने त्याच आठवड्यात युरोपीय संघाचे रशियावरचे निर्बंध स्वतः लागू केले आणि आमसभेतही ठरावाच्या बाजूने मत दिलं. म्हणजे तटस्थ देश एका बाजूने बोलला, आणि कधीच तटस्थ नसलेला भारत गप्प बसला.

आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय नव्याने अभ्यासायला घेणारा बहुतेक इथेच पहिली ठेच खातो. निम्मा दोष आपल्या शब्दाचा आहे. हिंदीवाले 'गुटनिरपेक्षता' म्हणतात; कशापासून लांब राहायचं, ते शब्दातच सांगितलंय. मराठीत आपण 'अलिप्ततावाद' घेतला. आता भाऊबंदकीच्या वादात काका अलिप्त राहिले म्हटलं, की काका ओट्यावर पेपर वाचत बसले असंच डोळ्यासमोर येतं. नेहरूंना हे अजिबात अभिप्रेत नव्हतं.

आधी तटस्थता. हे धोरण कमी आणि कायदा जास्त आहे, आणि तो कायदा युद्ध असेल तेव्हाच जागा होतो. १९०७ च्या हेग करारांत तटस्थ देशाचे हक्क आणि कर्तव्यं लिहून ठेवली आहेत. त्याची भूमी अभंग. लढणाऱ्यांनी तिथून फौजा किंवा दारूगोळा न्यायचा नाही. बदल्यात त्यानेही कुणाला लष्करी मदत करायची नाही, शस्त्रांच्या निर्यातीवर बंधन घातलंच तर दोन्ही बाजूंना सारखं घालायचं, आणि एखादी फौज हद्दीत शिरलीच तर तिला नि:शस्त्र करून युद्ध संपेपर्यंत अडकवून ठेवायचं.

हे शेवटचं कलम कागदावर येण्याआधी बर्फात घडलं होतं. फेब्रुवारी १८७१ मध्ये जर्मनांपुढे हरलेली जनरल बुरबाकीची फ्रेंच फौज, सुमारे ८७ हजार माणसं, ले व्हेरिएरच्या बाजूने स्विस हद्दीत आली. सीमेवर बंदुका ठेवायच्या आणि मगच आत यायचं, अशी अट होती. हजारो उपाशी, गोठलेले सैनिक स्विस गावागावांत वाटून ठेवले गेले.

दुसरं उदाहरण आपल्या अगदी जवळचं आहे. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून पोर्तुगीजांच्या ताब्यातला गोवाही तटस्थ. शेजारचा सगळा ब्रिटिश हिंदुस्थान युद्धात, आणि मुरगावच्या बंदरात तीन जर्मन आणि एक इटालियन व्यापारी जहाज निवांत नांगरलेली! ब्रिटिशांना त्यांना हात लावता येत नव्हता. त्यांतल्या 'एरेनफेल्स'वरून पाणबुड्यांना बिनतारी संदेश जातात, असा त्यांचा संशय होता. शेवटी मार्च १९४३ मध्ये कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतल्या मध्यमवयीन नोकरदारांना आणि व्यापाऱ्यांना एका जुनाट गाळवाहू होडक्यातून, गुपचूप, रात्री बंदरात पाठवण्यात आलं. झटापट झाली आणि खलाशांनी आपली जहाजं आपणच पेटवून बुडवली. नियमित फौज का पाठवली नाही? कारण तटस्थ बंदरात असा हल्ला म्हणजे कायद्याचा उघड भंग. पुढे कितीतरी वर्षं ब्रिटिश त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. तटस्थतेचं वजन किती, ते या लपवाछपवीवरून कळतं.

आता अलिप्तता. हिला कुठला कायदा नाही, कुणी हमी दिलेली नाही आणि युद्ध असण्याचीही गरज नाही. ७ सप्टेंबर १९४६ च्या नभोवाणी भाषणात नेहरूंनी सांगितलं, की एकमेकांविरुद्ध उभ्या राहिलेल्या गटांच्या सत्ताकारणापासून शक्यतो दूर राहायचं. दूर राहायचं ते अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या गटांपासून, प्रश्नांपासून नव्हे. ऑक्टोबर १९४९ मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर तर त्यांनी स्पष्टच केलं, की स्वातंत्र्यावर घाला येतो, न्याय धोक्यात येतो किंवा आक्रमण होतं, तिथे आम्ही तटस्थ राहू शकत नाही आणि राहणारही नाही.

१९६१ च्या सप्टेंबरात बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. निमंत्रण कुणाला द्यायचं, याचे निकष जूनमध्येच कैरोत ठरले होते. त्यांतला एक वाचला की गोंधळ मिटावा: देशाने स्वातंत्र्याच्या चळवळींना पाठिंबा दिलेला असावा. एकीकडे वसाहतवादी सत्ता आणि दुसरीकडे तिच्याविरुद्ध लढणारे, यांत बाजू घेणं ही इथे प्रवेशाची अटच होती. आणि मनाई होती ती बड्या सत्तांच्या झगड्यातून निघालेल्या लष्करी करारांना, सरसकट सगळ्या करारांना नव्हे. म्हणून १९७१ चा भारत-सोव्हिएत करार होऊनही 'आम्ही अलिप्तच' असं दिल्ली म्हणू शकली. मला स्वतःला तो दावा ताणलेला वाटतो, पण निकष मोडला असंही छातीठोक म्हणता येत नाही.

बेलग्रेडनंतर तीनच महिन्यांनी भारतीय सैन्य गोव्यात शिरलं. सुरक्षा परिषदेत पाश्चात्त्य देशांनी युद्धबंदीचा आणि सैन्य मागे घेण्याचा ठराव आणला, तेव्हा विरोधात मत देणाऱ्यांत सोव्हिएत संघाबरोबर सिलोन आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे तेव्हाचा इजिप्त) हे बेलग्रेडला हजर असलेले दोन देशही होते. ओट्यावर पेपर वाचणारे काका असं मत देत नाहीत.

याच कारणाने दुटप्पीपणाचा आरोप अलिप्त देशाला जास्त झोंबतो. १९५६ मध्ये सुएझ कालव्यावरून ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएलने इजिप्तवर हल्ला केला तेव्हा भारत तडकाफडकी कडाडला, आणि त्याच सुमारास हंगेरीत सोव्हिएत रणगाडे शिरले तेव्हा त्याचा आवाज फारच मऊ होता. ही चूकच होती. प्रत्येक प्रश्न गुणदोषांवर तोलतो म्हणणाऱ्याचा तराजू लोक तपासणारच. स्विसांना विचारला जातो तो वेगळा प्रश्न: नियम पाळला की नाही? २०२२ मध्ये जर्मनीने स्वित्झर्लंडमध्ये बनलेला विमानविरोधी तोफांचा दारूगोळा युक्रेनला द्यायची परवानगी मागितली, तेव्हा बर्नने नकार दिला. निर्बंध चालले, दारूगोळा चालला नाही. बाहेरून विचित्र दिसतं, पण हेगचा कागद समोर ठेवला तर सुसंगत आहे.

हे दोन्ही शब्द एकदा एकाच टेबलाशी बसले होते, कोरियात. १९५० मध्ये उत्तर कोरियाने दक्षिणेवर हल्ला केला, तेव्हा त्याविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांतल्या पहिल्या ठरावाला भारताने पाठिंबा दिला, लढाऊ तुकडीऐवजी डॉक्टरांचं पथक पाठवलं, आणि १९५१ मध्ये चीनला आक्रमक ठरवणाऱ्या ठरावाविरुद्ध मत दिलं. वॉशिंग्टन चिडलं. तरी १९५३ मध्ये मायदेशी जायला तयार नसलेल्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांचं काय करायचं हा पेच आला, तेव्हा 'तटस्थ राष्ट्रांच्या' आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे आलं. सदस्य स्वित्झर्लंड, स्वीडन, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया. यांत पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया कुठल्या अर्थाने तटस्थ, असं विचाराल तर एवढंच, की त्यांच्या फौजा कोरियात लढल्या नव्हत्या.

आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि कैद्यांचा पहारा पाहणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी आपल्या मातीवर भारतीय सैनिकाचा पाय पडू देणार नाही असं बजावलं होतं. म्हणून इंचॉनला आलेल्या जवानांना हेलिकॉप्टरने उचलून थेट दोन कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. पुढे कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला कोंडून ठेवलं, तेव्हा थोरात स्वतः त्यांच्या आवारात गेले आणि त्याला सोडवून आणलं.

बहुतेक कैदी शेवटी तैवानला किंवा दक्षिण कोरियात गेले. ८८ जणांना मात्र दोन्हीकडचं नको होतं. आम्हाला कुठल्यातरी तटस्थ देशात पाठवा, असं त्यांनी सांगितलं. फेब्रुवारी १९५४ मध्ये थोरातांची माणसं परत निघाली, तेव्हा ते ८८ जण त्यांच्याबरोबर भारतात आले. पुढे त्यांतले बरेचसे ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले, काही इथेच राहिले.