तक्रारदाराचं नाव गुप्त, पण नोकरीचं काय?

कामगाराने कारखान्यातल्या धोक्याची तक्रार केली, तर इन्स्पेक्टरने त्याचं नाव बाहेर पडू द्यायचं नाही. तपासणीला गेल्यावर ‘तक्रार आली म्हणून आलो’ हेही मॅनेजरला कळू द्यायचं नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमातलं ११८-ए हे कलम असं सांगत होतं. पण रसायनांच्या ज्या रिअ‍ॅक्टरवर पाळीला चारच माणसं असतात, तिथल्या गळक्या व्हॉल्व्हबद्दल कुणी कळवलं हे शोधायला किती वेळ लागतो? नाव लपवणं वेगळं आणि माणसाला सांभाळणं वेगळं. आपला कायदा बहुतेक वेळा पहिल्यावरच थांबला.

हे कलम मूळ कायद्यात नव्हतं. ते १९८७ च्या दुरुस्तीने आलं आणि त्या दुरुस्तीमागे भोपाळ होतं.

युनियन कार्बाइडच्या तिथल्या कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा जीव घेतला. १९८२ च्या सुरुवातीला पुन्हा गळती झाली आणि वीसहून अधिक कामगारांना रुग्णालयात न्यावं लागलं. कामगार गप्प बसले नव्हते. विषारी वायूमुळे हजारो कामगारांचा आणि नागरिकांचा जीव धोक्यात आहे, अशी पत्रकं संघटनेने शहरात लावली. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकातून १९८२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसलं असल्याचं लिहिलं आणि जून १९८४ मध्ये ‘जनसत्ता’त तोच इशारा पुन्हा दिला. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटला. हे वाचताना अजूनही अस्वस्थ व्हायला होतं. सगळं आधी सांगून झालं होतं, फक्त ते ऐकून घेण्याची सक्ती कुणावर नव्हती.

ती सक्ती ४१-एच या नव्या कलमाने आणली. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यात जिवावर बेतेल असं काही दिसलं, तर कामगाराने ते व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी इन्स्पेक्टरलाही कळवायचं. व्यवस्थापनाला पटलं तर ताबडतोब उपाय करायचा. नाही पटलं तरी प्रकरण इन्स्पेक्टरकडे पाठवायचंच आणि त्याचा निर्णय अंतिम. यातलं ‘त्याच वेळी’ मला फार मोलाचं वाटतं, कारण सुपरवायझरकडून मॅनेजरपर्यंतच्या पायऱ्या चढतानाच तक्रारी जिरून जातात. मात्र धोका टळेपर्यंत काम थांबवण्याचा हक्क या कलमाने दिला नाही. कळवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गेटवरच अडवलं तर काय, याबद्दलही त्यात चकार शब्द नव्हता. अमेरिकेच्या १९७० च्या कायद्याने सुरक्षेची तक्रार केल्याबद्दल कामावरून काढणं बेकायदा ठरवलं होतं, जरी त्याविरुद्ध दाद मागायला मुदत फक्त ३० दिवसांची दिली तरी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ व्या करारानुसार, जिवाच्या भीतीने कामापासून बाजूला झालेल्या कामगाराला त्याचा फटका बसता कामा नये. म्हणजे १९८७ मध्ये हे नमुने समोर होते.

तोवर आपल्याकडे कामगाराला राखलं ते संख्येने. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने यंत्रांभोवती कुंपण घालायला सांगितलं, पण कामगाराच्या तोंडी काही दिलं नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन जे निवेदन केलं, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारच्या सुट्टीच्या मागणीसाठी ते आठवलं जातं. पण कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार द्या आणि कायमचा अधू झालेल्याच्या पोटाची सोय करा, हीदेखील त्यात मागणी होती. तिथे नाव लपवायची गरज नव्हती, कारण साडेपाच हजारांना एकदम काढता येत नाही.

महाराष्ट्राने हेच बळ पुढे कायद्यात आणलं. १९७१ च्या अधिनियमात कामगारावर आकस ठेवून त्याला काढणं ही ‘अनुचित प्रथा’ ठरली आणि कामगार न्यायालयात जायची वाट मोकळी झाली. सुरक्षेवरून बोलणाऱ्यालाही तिचा आधार होता. पण २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, ठेकेदाराच्या कामगाराने आधी आपण मूळ कंपनीचेच नोकर असल्याचं सिद्ध केलं पाहिजे, त्याशिवाय या कायद्याखाली कंपनीविरुद्ध दाद मागता येणार नाही. टाकीत उतरून सफाई करायचं काम बहुधा याच माणसाच्या वाट्याला येतं. त्याला आरोपपत्र द्यावं लागत नाही की चौकशी करावी लागत नाही. ठेकेदार ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणतो आणि विषय संपतो.

२०१४ चा जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा सरकारी कारभारातल्या तक्रारींपुरता, त्यामुळे खासगी कारखान्यातल्या कामगाराला त्याचा उपयोग नव्हताच.

नोव्हेंबर २०२५ मध्ये व्यावसायिक सुरक्षेची २०२० ची संहिता लागू झाली. तिच्या १४ व्या कलमाने धोका कळवण्याचा हक्क धोकादायक कारखान्यांपुरता न ठेवता इतर आस्थापनांतल्या कर्मचाऱ्यांनाही दिला, ही खरी प्रगती आहे. पण कळवणाऱ्याची नोकरी राखणारं वाक्य त्या कलमात आजही नाही. ते शोधायला औद्योगिक संबंध संहितेतली अनुचित प्रथांची यादी उघडावी लागते, आणि ठेकेदाराच्या माणसाला तिथेही आधी आपला मालक कोण हेच सिद्ध करायला लागू शकतं.