युरोपात स्पोर्ट्स कार भाड्याने घ्यायचीये? व्हिसाच्या आधी स्वतःचं लायसन्स तपासून बघा

आल्प्समध्ये पोर्श नाहीतर फेरारी चालवायची, दहा-बारा दिवस, बायको-नवरा किंवा मित्रमित्र मिळून, असं ठरवून बरेच जण माझ्याकडे कागद दाखवायला येतात. बहुतेकांना वाटतं शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा, मिळाला की गंगेत घोडं न्हालं. तसं नाहीये. व्हिसा तुम्हाला युरोपात पोचवतो, गाडीची चावी मिळते ती काउंटरवर, आणि तिथे लायसन्स, आयडीपी म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, पासपोर्ट आणि क्रेडिट कार्ड हे चार कागद शेजारी शेजारी ठेवून बघतात. या चारांत एक जरी दुसऱ्याशी जुळला नाही तर गाडी देत नाहीत, आणि भरलेले पैसे अनेकदा परत येत नाहीत.

माझ्या डोळ्यांसमोर झालेलं सांगतो. आम्ही चौघं म्युनिकला उतरलो, मावसभावाने पोर्श नाईन इलेव्हन चार महिने आधी बुक केलेली, पैसे भरलेले. काउंटरवरच्या मुलीने आयडीपी उघडला, पासपोर्ट उघडला, सगळं ठीक, मग कार्ड हातात घेतलं आणि उलटं करून परत दिलं. कार्ड वहिनींच्या नावाचं होतं, लिमिट जास्त म्हणून तेच आणलेलं. गाडी चालवणार भाऊ, मग कार्ड भावाच्याच नावाचं हवं. आम्ही पाऊण तास विनवण्या केल्या, वहिनी स्वतः शेजारी उभ्या होत्या, तरी नाही म्हणजे नाही. गाडी काचेतून समोर दिसत होती. शेवटी भावाच्या कार्डावर जेवढं डिपॉझिट बसलं तेवढ्यात एक साधी हॅचबॅक घेऊन निघालो. त्या ट्रिपमध्ये तो दोन दिवस नीट बोलला नाही. तेव्हापासून मी कुणालाही आधी कार्डाबद्दलच विचारतो.

कोणाला मिळते

साधी गाडी २१ वर्षांच्या मुलालाही मिळते, स्पोर्ट्स कारचं तसं नाही. वयाची अट साधारण २५ पासून सुरू होते आणि भारी गाड्यांना ३० पर्यंत जाते, शिवाय लायसन्स निघून दोन-तीन वर्षं किंवा जास्त झालेली हवीत. ही अट प्रत्येक कंपनीची आणि प्रत्येक गाडीची वेगळी असते, त्यामुळे बुक करताना त्या गाडीच्या अटींचं पान पूर्ण वाचा, वेबसाइटच्या पहिल्या पानावर दिलेलं वय बहुतेक वेळा साध्या गाड्यांचं असतं.

आता लायसन्स किती जुनं हे सिद्ध कसं करणार? आपल्याकडे रिन्यू केल्यावर किंवा डुप्लिकेट काढल्यावर जे कार्ड येतं त्यावर पहिल्यांदा लायसन्स कधी मिळालं ती तारीख स्पष्ट दिसते का ते आत्ताच बघा. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाकडे मागच्या वर्षीची तारीख असलेलं कार्ड असलं की काउंटरवरचा माणूस त्याला नवशिका समजतो, त्याची चूक नाही, त्याला कार्डावर तेच दिसतं. अशा वेळी सारथी पोर्टलवरून, म्हणजे लायसन्सच्या कामांच्या सरकारी वेबसाइटवरून, डीएल एक्स्ट्रॅक्ट म्हणजे लायसन्सच्या नोंदीचा उतारा काढून प्रिंट बरोबर ठेवायची. आणि हो, डिजिलॉकरमधलं लायसन्स इथे नाक्यावरच्या हवालदाराला चालतं, तिथे चालत नाही, प्लास्टिकचं मूळ कार्डच लागतं.

नाव, नाव आणि नाव

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात आणि हे आपल्या मराठी नावांचं खास दुखणं आहे. लायसन्सवर "पाटील सचिन रमेश", पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि "सचिन रमेश" वेगळ्या, क्रेडिट कार्डावर जागा पुरली नाही म्हणून "एस आर पाटील". आपल्याला हा एकच माणूस आहे हे कळतं, तिकडे कळत नाही. मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं हेही त्यांना माहीत नसतं. बायकांच्या बाबतीत तर लायसन्स माहेरच्या नावाचं आणि पासपोर्ट सासरच्या नावाचा हे मी कितीदा बघितलंय याची गणतीच नाही, लायसन्स कॉलेजात असताना काढलेलं असतं आणि नंतर कधी हातच लागलेला नसतो. मॅरेज सर्टिफिकेट दाखवून काउंटरवर समजावू असं कृपा करून धरून चालू नका. आधी लायसन्सवर नाव बदलून घ्या, मग आयडीपी काढा, आणि बँकेला सांगून पासपोर्टसारखं पूर्ण नाव असलेलं कार्ड मागवा. या सगळ्याला दोन महिने सहज जातात.

आयडीपी

अर्ज सारथी पोर्टलवर, राज्य महाराष्ट्र निवडायचं, ड्रायव्हिंग लायसन्सच्या सेवांमध्ये इंटरनॅशनल परमिटचा पर्याय आहे, फॉर्म ४ए, फी हजार रुपये. एवढं सोपं आहे.

अडचण सुरू होते ती लायसन्सचा नंबर टाकल्यावर. जुनं पुस्तक किंवा लॅमिनेट केलेलं लायसन्स असेल तर पोर्टलवर ते सापडतच नाही, कारण त्याची नोंद कॉम्प्युटरवर चढलेलीच नसते. मग आधी आरटीओत जाऊन बॅकलॉग एन्ट्री करून घ्यायची. नोंद असली तरी जन्मतारीख चुकलेली असते, स्पेलिंग चुकलेलं असतं. लायसन्स कोल्हापूरचं आणि राहायला पुण्यात असं असेल तर आधी पत्ता बदलून आणा म्हणतात. म्हणून तिकीट काढायच्याही आधी एकदा पोर्टलवर स्वतःचं लायसन्स उघडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरा वादाचा मुद्दा, व्हिसा. जानेवारी २०२१ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने नियम बदलले आणि आयडीपीसाठी मेडिकल सर्टिफिकेट आणि आधी व्हिसा असणं या दोन्ही अटी काढून टाकल्या. कारण अगदी रास्त होतं, काही देशांचा व्हिसा शेवटच्या क्षणी मिळतो, काहींचा तिथे उतरल्यावर. तरीही व्हिसाची कॉपी आणा म्हणून परत पाठवलेली माणसं मला आजही भेटतात. इतकी वर्षं झाली, नियम बदलल्याचं खिडकीवर बसणाऱ्याला माहीत नसावं याचा खरंच संताप येतो, कारण त्या एका कॉपीसाठी माणूस सुट्टी टाकून तीन फेऱ्या मारतो. भांडू नका, त्या अधिसूचनेची प्रिंट सोबत न्या, पासपोर्ट आणि तिकिटाची झेरॉक्स लावा, आणि तरी नाही म्हटलं तर कारण लेखी द्या एवढंच शांतपणे सांगा.

परमिट हातात आलं की तिथेच उघडून बघा. फोटोवर शिक्का आहे का, तुमची सही आहे का, आणि बी या अक्षरासमोर शिक्का आहे का. ए म्हणजे मोटरसायकल, बी म्हणजे कार. एका मुलाच्या परमिटवर फक्त ए समोर शिक्का होता, घरी येऊन बघितलं म्हणून वाचला. ऑगस्ट २०२२ पासून सगळ्या देशात एकच नमुना आणि क्यूआर कोड आलाय, त्याच्या आधी राज्याराज्यात वेगवेगळी पुस्तकं मिळायची.

मुदत एक वर्ष, पण लायसन्स त्याआधी संपत असेल तर परमिटही त्याच दिवशी संपतं. लायसन्स मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून रिन्यू करता येतं, त्यामुळे तारीख जवळ असेल तर आधी ते करून टाका. आणि आयडीपी म्हणजे लायसन्स नव्हे, तो लायसन्सचा अनुवाद आहे, दोन्ही बरोबर पाहिजेत.

"भाऊ तिकडेच असतो, तो चालवेल"

हे वाक्य ऐकलं की मी लगेच थांबवतो. जर्मनीत राहायला गेल्यावर भारतीय लायसन्स साधारण सहा महिनेच चालतं. त्यानंतर जर्मन लायसन्स काढावं लागतं, लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा देऊन, भारतीय लायसन्सची नुसती अदलाबदल होत नाही. म्हणजे टुरिस्ट म्हणून गेलेले तुम्ही आयडीपीवर गाडी चालवू शकता पण तिथे दोन वर्षं नोकरी करणारा तुमचा भाऊ चालवू शकत नाही, आणि चालवली तर तो विनालायसन्स गाडी चालवण्याचा गुन्हा होतो. त्याच्या तिथल्या राहण्यावर परिणाम होऊ शकतो हो, गंमत म्हणूनही त्याच्या हातात स्टिअरिंग देऊ नका. दुसरा जो कोणी चालवणार असेल त्याचं नाव करारात हवं, आणि वय, लायसन्स, आयडीपी या अटी त्यालाही लागू.

व्हिसा कुठल्या देशाचा

ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज, रात्री सारख्या असतील तर जिथे पहिलं पाऊल ठेवणार तो देश. ड्रायव्हिंग ट्रिपमध्ये हाच हिशोब चुकतो. समजा म्युनिक दोन रात्री, ऑस्ट्रिया दोन, इटली चार, स्वित्झर्लंड दोन. विमान जर्मनीत उतरतं म्हणून लोक जर्मनीकडे अर्ज करतात, किंवा जिथे अपॉइंटमेंट लवकर मिळते तिथे करतात. हा अर्ज इटलीचा आहे. हॉटेल बुकिंगवर रात्री मोजल्या जातात, तुम्ही पत्रात काय लिहिलंय त्यावर नाही.

ट्रेनची तिकिटं नसतात, त्यामुळे तुम्ही एका गावाहून दुसऱ्या गावी कसे जाणार हा प्रश्न फाइल बघणाऱ्याला पडतो. गाडीचं बुकिंग आणि तारीखवार मार्ग, रोजचं हॉटेल, एवढं एका पानावर लिहून लावा. बुकिंग रद्द करता येणारंच घ्या.

तारखांचं बघा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. या पंधरा दिवसांमुळे फार घोळ होतो, लोकांना वाटतं पंधरा दिवस आधी दिला तरी चालतं. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात आणि गरज पडली तर ४५ दिवसांपर्यंत वाढवू शकतात, आणि त्याआधी अपॉइंटमेंट मिळायला हवी ती वेगळीच. मे महिन्याच्या सुट्टीसाठी जायचं असेल तर जानेवारीतच कामाला लागा. फी मोठ्यांना ९० युरो, नामंजूर झाला तरी परत मिळत नाही.

तीस हजार युरोचा जो इन्शुरन्स लागतो तो तुमच्या आजारपणाचा, गाडीचा नाही, तो दाखवून काउंटरवर उपयोग नाही. आणि व्हिसा मिळाल्यावर नुसती शेवटची तारीख वाचू नका, शेजारी दिवसांचा आकडा असतो, १२ लिहिलं असेल तर बारा दिवसच, व्हिसाची तारीख महिनाभर पुढची असली तरी.

सुट्टी ठरवताना घाटही बघा. इटलीतला स्टेल्व्हिओ २७५७ मीटर उंच आहे, एका बाजूने ४८ वळणं, हिवाळाभर बंद आणि उघडायला मेचा शेवट किंवा जून उजाडतो. स्वित्झर्लंडचे फुर्का आणि सुस्टेनही साधारण जून ते ऑक्टोबर. एप्रिलची तिकिटं काढून मग मला विचारायला येतात तेव्हा फार वाईट वाटतं.

डिपॉझिट आणि करार

डिपॉझिट हजारो युरोंत असतं आणि तेवढी रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात, म्हणजे तेवढं लिमिट मोकळं हवं, आणि हॉटेलसाठी वर अजून हवं. डेबिट कार्ड या गाड्यांना बहुतेक ठिकाणी चालत नाही. काही कंपन्या एकाच माणसाच्या नावाची दोन क्रेडिट कार्डं मागतात. निघण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार चालू करा, रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवीन कार्डावर ते बंदच येतात, आणि रोजची मर्यादाही वाढवा.

करारात तीन गोष्टी शोधा. कोणत्या देशांत गाडी न्यायला परवानगी आहे, कारण भारी गाड्या काही देशांत नेऊच देत नाहीत आणि परवानगी नसताना नेली तर इन्शुरन्स संपला. दिवसाला किती किलोमीटर, कारण पुढच्या प्रत्येक किलोमीटरला वेगळे पैसे. आणि रेस ट्रॅकबद्दल काय लिहिलंय. जर्मनीतला न्युर्बुर्गरिंग ट्रॅक पैसे भरून कोणालाही चालवता येतो, पण साध्या भाड्याच्या गाडीने तिथे जायला करारातच मनाई असते, त्यासाठी ट्रॅकजवळ वेगळ्या गाड्या मिळतात त्या घ्या.

स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मोटरवेला विनयेट, म्हणजे टोलचा पास, लागतो, गाडीवर आहे का ते निघण्याआधी विचारा. स्वित्झर्लंडमध्ये १२० च्या रस्त्यावर २०० ने गेलात तर तो दंडाचा विषय राहत नाही, फौजदारी होते. इटलीच्या जुन्या शहरांत झेडटीएल, म्हणजे फक्त परवानगी असलेल्या गाड्यांचा भाग, असा बोर्ड दिसला की आत शिरू नका, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड भाड्याच्या कंपनीमार्फत कित्येक महिन्यांनी घरी येतो, वर कंपनीचा वेगळा चार्ज कार्डावर पडतो. म्हणून गाडी परत देताना चारही बाजूंचे, चाकांचे आणि मीटरचे फोटो काढा, हॉटेलच्या पार्किंगच्या पावत्या आणि करार वर्षभर सांभाळून ठेवा, आणि ते कार्ड घरी आल्या आल्या बंद करू नका.