फ्यूज बसवला म्हणून बॅटरी वाचत नाही

हिवाळ्यात पहाटे खानापूर-जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे निघणारे दुचाकीस्वार हँडलला गरम ग्रिप्स बसवून घेतात, तेव्हा एक जुना सल्ला हमखास मिळतो: तारा थेट बॅटरीला जोडा, मध्ये फ्यूज टाका, बॅटरी उतरणार नाही. हा समज चुकीचा आहे. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो आणि शॉर्ट सर्किटसारख्या कारणाने प्रवाह मर्यादेबाहेर गेला तरच तो वितळतो. 12 व्होल्टवर 36 वॅटच्या ग्रिप्स 3 अँपिअर घेतात. 5 अँपिअरच्या फ्यूजला त्यात वावगे काहीच नसते, त्यामुळे गाडी बंद करताना ग्रिप्सचे बटण चालू राहिले, तर 8 अँपिअर-अवरची बॅटरी तीन तासांच्या आत रिकामी होते आणि सेल्फ स्टार्टर त्याआधीच मान टाकतो.

खरा उपाय रिलेचा, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचचा. त्याची कॉइल, म्हणजे हा स्विच चालवणारी तारेची गुंडाळी, किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या तारेवर जोडावी, म्हणजे किल्ली बंद होताच ग्रिप्सही बंद होतात. ग्रिप्सचा मुख्य प्रवाह मात्र बॅटरीकडून, फ्यूजमार्गे, रिलेतून न्यावा. काही ग्रिप्स व्होल्टेज घसरल्यावर आपोआप बंद होतात, पण त्या भरवशावर रिले टाळणे योग्य नव्हे. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळच हवा, कारण टोकापासून फ्यूजपर्यंतच्या तारेला कोणतेही संरक्षण नसते.